फ्रीजचा ‘गॅस गेला’ म्हणण्याआधी: वर बर्फ होतो, खाली दूध फाटतं, तर नेमकं काय पाहायचं?

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. यवतमाळ जिल्हा, दिग्रस तालुक्यातलं गाव, टिनाचं घर. सिंगल डोअर, १९० लिटरच्या आसपासचा, पाच वर्षं वापरलेला फ्रीज. वर बर्फ होतो, पण खाली सकाळी तापवून ठेवलेलं दूध संध्याकाळी फाटतं. मशीन दिवसभर थांबत नाही, मागून तापते आणि दिवेलागणीनंतर ‘टक्… टक्’ असा आवाज येतो. मागच्या मे महिन्यात गॅस भरून घेतला, २८०० रुपये गेले. आता दुसरा मेकॅनिक आला, मागे हात लावला आणि म्हणाला, ‘गॅस गेला जी, ३२०० लागतील.’ सासूबाईंचं इन्सुलिन याच फ्रीजमध्ये असतं. तर गॅस भरायचा, की हा देऊन नवा घ्यायचा?

ताई, आज तरी दोन्ही नका करू. मी बावीस वर्षं याच पट्ट्यात, दारव्हा-दिग्रस-आर्णी, फ्रीज आणि कूलर दुरुस्त करतोय. तुमचा फ्रीज मी पाहिलेला नाही, त्यामुळे अमुकच बिघाड आहे असं इथून छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय, त्यातल्याच दोन गोष्टी ‘गॅस गेला’ या निदानाशी जुळत नाहीत.

त्याआधी इन्सुलिन, कारण ते थांबू शकत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. खाली थंड होत नाही म्हणून कोणी ते वर फ्रीजरमध्ये किंवा त्याखालच्या ट्रेमध्ये ठेवलं असेल तर आधी काढा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला जसंच्या तसं दिसलं तरी वापरायचं नसतं. फ्रीज नीट होईपर्यंत न उघडलेला साठा गावातल्या ज्या घरचा फ्रीज व्यवस्थित चालतो तिथे ठेवा. रोज वापरातली बाटली कोरड्या डब्यात घालून तो डबा माठाजवळ ओल्या वाळूत, सावलीत ठेवता येतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने माठ चांगला गार होतो. मात्र गेले काही दिवस या फ्रीजमध्ये राहिलेली बाटली पुढे वापरावी की नाही, हे डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारा. ते माझं काम नाही.

आता गॅसचं बोलू. लोकांच्या डोक्यात फ्रीजचा गॅस म्हणजे सिलिंडरसारखा: वापरला, संपला, पुन्हा भरला. तसं नसतं. फ्रीजमधला गॅस बंद नळीत फिरत राहतो, त्याच त्या वाटेने, वर्षानुवर्षं. तो खर्च होत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळला म्हणूनच. म्हणजे ‘दरवर्षी उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो’ हे वाक्य ऐकलं की समजायचं, एकतर गळती शोधलीच नाही, नाहीतर गॅस गेलेलाच नव्हता.

तुमच्या फ्रीजमध्ये वर बर्फ होतो. गॅस पूर्ण गेला असता तर तो झालाच नसता. दुसरी गोष्ट म्हणजे मागची बाजू तापते. इथे एक फरक समजून घ्या. मागे खाली काळा लोखंडी हंडा असतो तो कॉम्प्रेसर, म्हणजेच आपलं ‘मशीन’, आणि त्याच्या वर पाठीवर जी काळी जाळी पसरलेली असते तो कंडेन्सर. कॉम्प्रेसर तर गॅस असो-नसो, चालत राहिला की तापतोच, किंबहुना गॅस नसला तर जास्त तापतो. पण जाळी तापते ती गॅस आतली उष्णता उचलून बाहेर आणून टाकतो म्हणून. गॅस गेलेल्या फ्रीजची जाळी खोलीइतकीच गार लागते. तेव्हा मशीन अर्धा तास चाललं की जाळीच्या वरच्या नळीला हलकेच हात लावा. वर चांगली गरम आणि खाली येता येता कोमट लागली, तर गॅस फिरतोय. (नव्या मॉडेलमध्ये ही जाळी दिसत नाही. ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत असते आणि तिथेच फ्रीज तापतो. ‘भाऊ, फ्रीज बाजूनं तापते, शॉर्ट झाला का?’ असे फोन दर एप्रिलात येतात. तापू द्या, त्याला तिथेच तापायचं असतं.)

मग खाली थंड का होत नाही? माझा पहिला संशय फ्रीजच्या बाहेरच्या दोन गोष्टींवर आहे: लाईन आणि हवा.

लाईनचं माझ्याच फजितीवरून सांगतो. धंद्यात नवा होतो. आर्णीकडच्या एका गावात एका गुरुजींच्या फ्रीजमध्ये मी एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. दोन्ही वेळा दुपारी गेलो, भरून दाखवला, फ्रीज छान चालला, पैसे घेतले, निघालो. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा माझाच चेहरा उतरलेला. त्या दिवशी गुरुजींच्या घरी चहा झाला, गप्पांत सात वाजले. गावात दिवे लागले, कूलर सुरू झाले, आणि समोरचा बल्ब पिवळा पडला. तेवढ्यात मागून ‘टक्’. दीड-दोन मिनिटांनी पुन्हा ‘टक्’. मीटर लावला तर १५८ व्होल्ट. दोन्ही वेळा भरलेला गॅस पहिल्यापासून ठीकच होता. एका वेळचे पैसे मी गुरुजींना परत केले, आणि तेव्हापासून फ्रीजला हात लावण्याआधी बोर्डात मीटर लावतो.

हा ‘टक्’ कशाचा, तेही सांगतो, म्हणजे पुढे कोणी फसवणार नाही. कॉम्प्रेसरच्या बाजूला एक छोटी डबी असते, तिच्यात रिले आणि ओव्हरलोड असतात. रिले मशीनला सुरुवातीचा धक्का देतो. मशीन उठलं नाही आणि जास्त करंट खाऊ लागलं, की ओव्हरलोड तापून लाईन तोडतो. तोच तो टक्. थंड झाला की पुन्हा जोडतो, मशीन पुन्हा उठू पाहतं, पुन्हा टक्. मशीनला २३० व्होल्ट अपेक्षित असतात. व्होल्टेज १६० वर आलं तर ते तीस टक्क्यांनी उतरलं असं वाटतं, पण उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे तो निम्म्याहूनही खाली येतो. अर्ध्या पोटी माणसाला पोतं उचलायला सांगावं तसं. अशा मशीनने संध्याकाळचे तीन-चार तास नुसतं टक् टक् करण्यात घालवले, तर सकाळचं दूध टिकणार कसं? आणि हे रोज झालं तर एक दिवस कॉम्प्रेसरची वाइंडिंगच जळते. मग ३२०० मध्येही भागत नाही.

तुमचं मशीन दिवसभर थांबत नाही आणि रात्री उठत नाही, या दोन्ही तक्रारी एकत्र आल्या म्हणून मी लाईन धरून बसलोय. हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. बोर्डात खुपसायचा डिजिटल व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी साडेसातला आकडा वहीत लिहा, तीन दिवस. साडेसातचा आकडा दोनदा घ्या, तुमचा कूलर चालू असताना आणि बंद असताना. शिवाय एकदा मीटर घेऊन शेजारच्या घरी जा. शेजारी २०५ आणि तुमच्याकडे १७० दाखवत असेल तर दोष गावच्या लाईनचा नाही. खांबावरून तुमच्या मीटरपर्यंत येणारी वायर पातळ आहे, नाहीतर जोड ढिला आहे. तो काळा पडलेला जोड गावातला वायरमन एका फेरीत काढून देतो. पण खांबावर स्वतः चढू नका, कोणाला चढवूही नका.

सगळ्या गल्लीतच कमी येत असेल तर डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार जास्त आहे. त्याचा अर्ज गल्लीने मिळून वीज कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. तोवर फ्रीजला स्वतंत्र स्टॅबिलायझर लावा. घेताना तीन गोष्टी पाहा. तो किती व्होल्टपासून काम करतो हे खोक्यावर लिहिलेलं असतं. तुमच्याकडे १६० येत असतील तर १७० पासून चालणारा काय कामाचा? दुसरं, लाईन आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मगच फ्रीजला देणारा हवा. तिसरं, व्होल्टेज फार वाढलं तर तोडणारा हवा. डीपीवर न्यूट्रल सुटला की काही घरांत २३० ऐवजी तीनशेच्या वर येतात. बल्ब डोळे दिपवतात, पंखा उडून जाईल असा फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात टीव्ही, फ्रीज, सेट टॉप बॉक्स यांची रांग लागते. आणि कृपा करून त्याच स्टॅबिलायझरवर कूलर जोडू नका.

त्या तीन-चार मिनिटांचं कारण साधं आहे. मशीन बंद झालं की नळीत एका बाजूला दाब जास्त आणि दुसरीकडे कमी असतो. तो समान व्हायला काही मिनिटं लागतात. लाईन गेली आणि अर्ध्या मिनिटात आली, तर मशीनला त्या दाबाच्या विरुद्ध उठावं लागतं, शिवाय रिलेही अजून गरमच असतो. म्हणून लाईन येऊन-जाऊन करायला लागली की बटन बंद करा, स्थिर झाली की पाच मिनिटांनी चालू करा. आमच्या आईला हे मी शिकवलं, तर ती म्हणाली, ‘म्हणजे माणसासारखंच हाय व माय, झोपेतून उठवलं का लगेच कामाले नाही लावायचं.’ बरोबर आहे.

आता हवा. तुमचं घर टिनाचं आहे आणि फ्रीज समोरच्या खोलीत, कोपऱ्यात, भिंतीला चिकटून आहे, असं तुम्ही लिहिलंय. पाहुण्यांना दिसावा म्हणून फ्रीज बैठकीत ठेवायची आपल्याकडे रीत आहे. मी कितीदा सांगितलं तरी लोक हसतात. पण फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून त्या जाळीतून खोलीत टाकतो. खोलीच तापलेली असेल तर टाकणार कुठे? फ्रीजच्या आत किंवा मागे जी पट्टी असते तिच्यावर क्लायमेट क्लासचं एक अक्षर असतं. आपल्याकडच्या बहुतेक फ्रीजवर ‘टी’ असतं, म्हणजे ट्रॉपिकल. तो खोलीचं तापमान ४३ अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेला असतो. आता मे अखेरच्या नवतप्यात दुपारी तीन वाजता टिनाखाली किती असतं ते तुम्हीच सांगा. बाहेर ४५ असेल तर टिनाच्या खोलीत त्याहून कमी नसतंच. त्या वेळेला फ्रीज थांबत नाही यात त्याचा दोष नाही.

म्हणून घरात मातीच्या भिंतीची, कवेलूची किंवा स्लॅबची एखादी आतली खोली असेल तर फ्रीज तिथे हलवा. भिंतीपासून मागे चार इंच जागा, वर मोकळं, आणि चूल-शेगडीपासून लांब. हलवताना आडवा करू नका. करावाच लागला तर उभा केल्यावर काही तास थांबून मग चालू करा. कूलरची हवा थेट फ्रीजवर येऊ देऊ नका. लोकांना वाटतं गार हवेने फ्रीजला आराम मिळेल. जाळीला तो थोडा मिळतोही. पण ती हवा ओली असते. दार उघडलं की तीच आत शिरते आणि फ्रीजरवर बर्फाचे थर चढतात.

आणि कापूस! तुम्ही लिहिलं की भाव वाढेल म्हणून फेब्रुवारीपर्यंत कापूस याच खोलीत भरून होता. ताई, मी हे वाचलं आणि हसलो, कारण आपल्या जिल्ह्यातला हा खास रोग आहे, पुण्याच्या मेकॅनिकला तो माहीत नसणार. कापसाचे बारीक तंतू उडतात आणि त्या जाळीवर बसतात, वर धूळ बसते, आणि फ्रीजच्या पाठीवर गोधडी तयार होते. मी एका ठिकाणी जाळीवरून ओंजळभर कापूस काढला होता. बटन बंद करून प्लग काढा, फ्रीज पुढे ओढा आणि मऊ ब्रशने वरून खाली झाडा. पाणी मारू नका. खाली कॉम्प्रेसरजवळ हात घालण्याआधी टॉर्च मारून पाहा. ती जागा उबदार असते, तिथे उंदीर वायर कुरतडतात, आणि उंदराच्या मागे कोण येतं हे तुम्हाला सांगायला नको.

इथवर फ्रीजच्या आतलं काही बघितलंच नाही. आता दार उघडू.

वर बर्फाचा थर किती आहे? पाव इंचापेक्षा जाड असेल तर तोच बर्फ गोधडीसारखा आड येतो. सिंगल डोअर फ्रीजमध्ये पंखा नसतो. फ्रीजरला लागून हवा गार होते, जड होते आणि खाली उतरते, एवढीच यंत्रणा. थर जाड झाला की खाली थंडी उतरत नाही. मशीन बिचारं चालत राहतं, बर्फ आणखी वाढतो, दूध फाटतं. त्यात उन्हाळा आला की सगळे बटन शेवटच्या आकड्यावर फिरवतात. मग मशीन थांबायचं नावच घेत नाही आणि थर दुप्पट वेगाने चढतो. बटन मधल्या आकड्यावर ठेवा. आठवड्यातून एकदा रात्री झोपताना मधलं डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं, बटन दाबा, सकाळी पाणी काढा.

बर्फ काढायला सुरी, सराटा, पेचकस काही लावू नका. फ्रीजरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसची नळी असते. एक टोचा बसला की फुस्स. खरोखर गॅस गेलेले जे फ्रीज माझ्याकडे येतात, त्यात हे कारण फार वेळा निघतं, आणि दर वेळी ‘कोणी नाही जी लावला सराटा’ असंच उत्तर असतं.

खालच्या जाळीच्या कप्प्यांवर प्लास्टिकची चटई किंवा पेपर अंथरलाय का? काढा. हवा खाली जायला वाट हवी. फ्रीजरच्या खाली जो ट्रे असतो त्याला काही मॉडेलमध्ये सरकवायची पट्टी असते, ती उन्हाळ्यात उघडी ठेवायची. दाराचं रबर पाहा: दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून थंडी जाते. चारी बाजूंनी करा. रबर बहुतेकदा फाटलेलं नसतं, चिकट आणि कडक झालेलं असतं. कोमट साबणपाण्याने पुसा, गरम पाण्यात पिळलेला फडका दाबून धरा, सरळ होतं. फ्रीजचे पुढचे पाय जरा उंच ठेवले की दार आपोआप लागतं.

आणि आत काय ठेवता? एक हिशोब सांगतो. मे महिन्यात घरातलं पाणी ३८ अंश धरा. दहा बाटल्या, दहा लिटर, ८ अंशांपर्यंत गार करायच्या तर सुमारे १२५० किलोज्यूल उष्णता उचलावी लागते. छोट्या फ्रीजचं मशीन सेकंदाला शंभर ज्यूल उचलतं असं धरलं, तर फक्त या पाण्यासाठी सलग साडेतीन तास. त्यात दर दहा मिनिटांनी पोरं दार उघडतात. पाहुणे आले की रसाचं पातेलं गरम खोलीतून थेट आत. पाण्याला माठ ठेवा, फ्रीजला दुधासाठी सोडा.

हे सगळं करून झालं की गॅसची खरी परीक्षा घ्या. बर्फ पूर्ण वितळू द्या, फ्रीजर कोरडा पुसा, आणि सकाळी लाईन चांगली असताना चालू करून दार बंद ठेवा. तासाभराने उघडून फ्रीजरच्या पत्र्याकडे पाहा. सगळीकडे सारखं पांढरं दव धरलं असेल तर गॅस ठीक आहे, ३२०० रुपये घरात ठेवा. एकाच कोपऱ्यात पांढरं आणि बाकी कोरडं असेल, तर गॅस कमी आहे किंवा आतली केसासारखी बारीक नळी, कॅपिलरी, चोक झाली आहे.

तुमच्या बाबतीत मला चोकची शंका राहील, कारण मागच्या वर्षी गॅस भरला आहे. भरताना नळीतली हवा आणि ओल नीट ओढून काढली नाही, तर ती ओल कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते आणि वाट बंद करते. याची खूण ठरलेली असते. फ्रीज काही तास झकास चालतो, मग अचानक गार करणं थांबवतो. बंद करून बर्फ वितळला की पुन्हा काही तास झकास. असं होत असेल तर वरून नुसता गॅस मारून उपयोग नाही. जुना काढून, फिल्टर बदलून, पूर्ण व्हॅक्यूम करूनच भरावा लागतो.

आणि गॅस भरायची वेळ आलीच, तर त्या मेकॅनिकला हे विचारा: गळती कुठे सापडली ते दाखव. नायट्रोजन भरून दाब धरतो का पाहिलं का? फिल्टर नवा टाकणार का? व्हॅक्यूम पंप आणलाय का, आणि तो किती वेळ चालवणार? मी अर्ध्या तासाच्या आत पंप काढत नाही. गॅस वजन करून भरणार का? फ्रीजच्या मागच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर-६००ए असेल तर छोट्या फ्रीजला पन्नास ग्रॅमच्या आत-बाहेर लागतो. तिथे अंदाजाने मारलेले वीस ग्रॅम जास्त झाले तरी फ्रीज बिघडतो. जो हे ऐकून चिडेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. चांगला माणूस उलट खूश होतो.

आर-६००ए जळणारा गॅस आहे, आपल्या सिलिंडरच्याच घराण्यातला. त्याची नळी उघडून जवळ झाळायची ज्योतीची टॉर्च पेटवायची तर आधी गॅस पूर्ण बाहेर सोडून दारं-खिडक्या उघडाव्या लागतात. कापूस भरलेल्या खोलीत तर कोणालाही नळी झाळायला देऊ नका, तो कितीही जुना मेकॅनिक असो. फ्रीज अंगणात काढायला लावा.

करंटचं तुम्ही विचारलेलं नाही, पण हे सोडून पुढे जाणार नाही. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, पोरं ‘करंट मारते’ म्हणतात, असं असेल तर त्याच क्षणी प्लग काढा. चप्पल घालून वापरू, हा उपाय नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत थ्री-पिनची मोठी पिन कापलेली असते किंवा बोर्डात अर्थिंगच नसतं. त्याहून वाईट म्हणजे काही वायरमन अर्थिंगच्या जागी न्यूट्रलचा तुकडा जोडून देतात. न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रीजचा सगळा पत्रा जिवंत होतो. तो जोड काढा. अंगणात खड्डा करून घराचं स्वतःचं अर्थिंग घ्या. पावसाळ्याआधी हे काम उरकाच, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाल्या नव्या फ्रीजचं सर्किट बोर्ड तर एका झटक्यात जातं.

डबल डोअरवाल्यांसाठी दोन ओळी, कारण खाली थंड होत नाही ही तक्रार त्यांचीही असते आणि कारण वेगळं असतं. त्यात पंखा थंड हवा खाली ढकलतो आणि हिटर मधूनमधून बर्फ वितळवतो. हिटर, सेन्सर किंवा टायमर यातलं काही गेलं की आतल्या कॉइलवर बर्फाची भिंत होते आणि हवा अडते. एक दिवस बंद करून दार उघडं ठेवलं की फ्रीज ठणठणीत होतो आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. असं झालं तर डीफ्रॉस्टचा बिघाड समजा. गॅसचा काही संबंध नाही.

नवा घ्यायचा की नाही? पाच वर्षं म्हणजे फ्रीजचं वय झालं नाही. आधी बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षं देतात, तेव्हा मशीन गेलंच असेल तरी भाग मिळू शकतो, मजुरी आणि गॅसचे पैसे मात्र बहुतेकदा वेगळे लागतात. रिले-ओव्हरलोड गेला असेल तर ते काही शेकड्यांतलं काम आहे. फ्रीजरच्या पत्र्यालाच भोक असेल आणि पत्रा आतून सडलेला असेल, तेव्हाच मी गिऱ्हाईकाला नव्याचा विचार करा म्हणतो. आणि लाईन १६० चीच राहिली, तर नवा फ्रीजही याच रस्त्याने जाईल.

तर ताई, क्रम असा धरा. आज जाळी झाडा, फ्रीज भिंतीपासून ओढा, बर्फ वितळवा, बटन मधे आणा. उद्या व्होल्टमीटर आणा आणि साडेसातचा आकडा घ्या. परवा सकाळी कोरड्या फ्रीजरची ती तासाभराची परीक्षा. खालच्या मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात फ्रीजचा थर्मामीटर रात्रभर ठेवा, सकाळी ५-६ अंश दिसले तर उत्तम. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. तो आकडा सकाळ-संध्याकाळ रोजच २ ते ८ च्या मधे राहतोय असं चार-पाच दिवस दिसलं, की मगच इन्सुलिन परत आणा. व्होल्टेजचे आकडे आणि फ्रीजरच्या पत्र्याचा एक फोटो टाका, म्हणजे पुढचं सांगता येईल. आणि त्या मेकॅनिकला तोवर फोन करून सांगा, ‘भाऊ, आठ दिवस थांबा.’